थर्सायटिसची पाठ आणि ओडिसियसचा खांदा



कामगार-चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो वेतनकराराबद्दल बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. ‘विषय आपणच निवडा’ असे चालकांनी कळविले आणि आम्ही होमरच्या काव्यांतील ओडिसियसचे नाव सांगितले, तेव्हा फोनवर पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे कामगारांच्या दृष्टीने का?’ आम्ही म्हटले, दृष्टी आमच्यापाशी एकच आहे. दुसरी आणावयाची कोठून?

आमचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे रात्रपाळीत, लेथच्या शेजारी आणि शब्दकोशाच्या मदतीने झाले. रिऊ या इंग्रज पंडिताने केलेली गद्य भाषांतरे, ओडिसीचे १९४६ चे आणि इलियडचे १९५० चे, आम्हांला रद्दीच्या दुकानात मिळाली. दोन्ही पुस्तके वजनावर घेतली. ग्रीक आम्हांस येत नाही. जेथे एखाद्या शब्दावर भार द्यावा लागला तेथे ती भाषा जाणणाऱ्यांना विचारून घेतले आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. एक माणूस दोन काव्यांत कसा वेगळा दिसतो आणि त्याच्यात खरोखर काय पालटले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

इलियड हे सुमारे साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचे काव्य. ट्रॉयचे युद्ध दहा वर्षांचे, पण काव्यात हकिकत आहे ती दहाव्या वर्षातील काही आठवड्यांची. ओडिसी बारा हजारांहून थोडे अधिक ओळींचे. त्यात युद्ध संपले आहे आणि एक माणूस घरी परतण्यासाठी धडपडतो आहे. ही दोन्ही काव्ये एकाच कवीची नव्हेत, असे म्हणणारे पंडित प्राचीन काळीही होते. झेनॉन आणि हेलानिकस ही त्यांतली नावे. अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कसने त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. १९३३ ते १९३५ या काळात मिलमन पॅरी या अमेरिकन संशोधकाने युगोस्लाव्हियातील गावोगावचे शाहीर ध्वनिमुद्रित केले. लिहितावाचता न येणारा गायक ठरलेल्या शब्दसमूहांच्या आधाराने हजारो ओळींची कथा उभी करू शकतो, हे त्याने दाखवून दिले. आमचे म्हणणे एवढेच की कवी एक असो वा दोन, ऐकणारे लोक तेच होते. इलियडमधला ओडिसियस ज्यांनी ऐकला होता, त्यांच्यापुढेच हा दुसरा ओडिसियस आला.

आता पहिला पाहू. इलियडचा दुसरा सर्ग. नऊ वर्षे लोटली आहेत, जहाजांची लाकडे कुजली आहेत. सेनापती अगामेम्नॉन सैन्याची परीक्षा पाहावी म्हणून सभेत सांगतो की आता घरी जाऊ या. लोकांना ते खरे वाटते, आणि सारे सैन्य जहाजांकडे धाव घेते. वास्तविक त्यांनी सेनापतीचीच आज्ञा पाळली होती! त्यांना आवरावयास ओडिसियस पुढे सरसावतो. तो अगामेम्नॉनच्या हातातला राजदंड घेतो आणि धावत सुटतो. वाटेत कोणी राजा किंवा सरदार भेटला की त्याच्याजवळ थांबून गोड शब्दांत समजावतो. कोणी साधा शिपाई ओरडताना दिसला की त्याला दंडा हाणतो, आणि तुला ना युद्धात कोणी मोजते ना मसलतीत, गप्प बस, असे बजावतो. एकाच पळभराचे काम, पण दोन भाषा. हा दंड म्हणजे काय वस्तू होती हेही ध्यानात घ्यावे. ग्रीकांच्या सभेत ज्याच्या हाती दंड त्याला बोलण्याचा अधिकार. आजच्या भाषेत माइकच म्हणा ना. त्या माइकनेच ओडिसियस लोकांना मारीत सुटला आहे.

सारे बसतात. एकटा थर्सायटिस बसत नाही. इलियडमध्ये इतक्या वीरांची वर्णने आहेत, पण अंगातल्या व्यंगांचे इतके तपशीलवार वर्णन या एकाच माणसाचे आहे: पाय वाकडे, एक पाय अधू, खांदे छातीवर आलेले, डोके निमुळते, त्यावर विरळ केस. बापाचे नाव नाही, गावाचे नाव नाही. आणि तो बोलतो काय? तुझे तंबू तांब्याने भरले आहेत, लुटीतल्या निवडक स्त्रिया आम्ही तुला आणून देतो, आणखी किती हवे, आम्ही निघून गेलो तर तुला आमची किंमत कळेल. याच तक्रारी पहिल्या सर्गात अकिलीसने केल्या आहेत, आणि त्याहून कडक शब्दांत. अकिलीसला समजवावयास पुढे नवव्या सर्गात शिष्टमंडळ जाते: सात तिवया, दहा तोळकी सोने, वीस हंडे, बारा घोडे, सात दासी, सात गावे, वर सेनापतीची मुलगी. थर्सायटिसला काय मिळते? ओडिसियस दंडाने त्याची पाठ आणि खांदे झोडपतो. रक्ताळलेला वळ उठतो, डोळ्यांत पाणी येते, तो खाली बसून ते पुसतो. आणि सैन्य हसते. स्वतः दुःखात असूनही हसते, आणि म्हणते की ओडिसियसने आजवर पुष्कळ चांगली कामे केली, पण याच्यासारखे दुसरे नाही.

त्या शिष्टमंडळाची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगून टाकू. शिष्टमंडळात मुख्य वक्ता ओडिसियसच. अगामेम्नॉनने देऊ केलेली यादी तो जशीच्या तशी म्हणून दाखवितो. मात्र शेवटच्या चार ओळी गाळतो. त्या ओळींत सेनापती म्हणाला होता की अकिलीसने नमावे, कारण मी त्याच्याहून मोठा राजा आहे. मालकाचा देकार घेऊन ज्याने कधी गेटवर सभा घेतली असेल, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. अकिलीसही कच्चा नाही. पोटात एक आणि ओठांत एक ठेवणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा वाटतो, असे तो आरंभीच ऐकवितो.

पण या पहिल्या ओडिसियसला आम्ही नुसता लबाड म्हणणार नाही. एकोणिसाव्या सर्गात अकिलीस मित्राच्या शोकाने वेडा होऊन म्हणतो की आत्ताच्या आत्ता लढाई सुरू करा, अन्नाला कोणी शिवू नका. तेव्हा ओडिसियस एकटा उभा राहून सांगतो की उपाशी पोटी माणूस सूर्यास्तापर्यंत लढू शकत नाही. मन तयार असले तरी गुडघे लटपटतात. साऱ्या इलियडमध्ये शिपायाच्या पोटाचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. तो कर्तबगार माणूस आहे. संघटना कशी चालवावी हे त्याला कळते. माणसे त्याच्या हिशेबात आहेत. पण हिशेबातच आहेत.

येथे आम्हांला स्वतःबद्दल बोलणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही करार घडवून आणला. गेटवरची सभा, चारशे माणसे, गुलाल तयार. कराराची कलमे आम्ही वाचून दाखवीत असता कँटीनमध्ये कंत्राटदाराकडे कामाला असलेला एक माणूस मागून बोलू लागला. त्याचा प्रश्न साधा होता: या कागदात आमचे काय? तुम्ही आत थंड खोलीत बसून चहा घेता, तो चहा नेऊन देणारे आम्ही, आमचे नाव कोठे आहे? आम्हांला उत्तर माहीत होते. कंत्राटी माणसांचे कलम शेवटच्या बैठकीत आम्हीच सोडले होते, बाकीचे पदरात पडावे म्हणून. ते सांगावयाचे सोडून आम्ही माइकवरून त्याच्या चहावर एक विनोद केला. चारशे माणसे हसली. तो बसला. पुढच्या महिन्यात कंत्राट बदलले आणि तो माणूस पुन्हा दिसला नाही. त्या रात्री आमचे सहकारी म्हणाले, आज तुम्ही सभा छान सांभाळलीत. इलियड आम्ही त्यानंतर चार वर्षांनी वाचले. दुसऱ्या सर्गातले ते सैन्याचे वाक्य आले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले, आणि बरेच दिवस उघडले नाही.

आता दुसरा ओडिसियस. ओडिसीत नायकाची भेट होण्यास पाचवा सर्ग उजाडतो. पहिल्यांदा दिसतो तो कसा? कॅलिप्सोच्या बेटावर, समुद्रकाठी बसून रडताना. युद्धाची दहा वर्षे, भटकंतीची दहा; त्यांतली सात येथेच गेली. बारा जहाजे घेऊन निघाला होता. आज एक फळकुटही नाही, सोबतीला माणूस नाही.

माणसे कशी गेली हा प्रश्न आमच्यासारख्याला सोडवत नाही. काव्याच्या आरंभीच कवी सांगून मोकळा होतो की ती आपल्याच मूर्खपणाने मेली, कारण त्यांनी सूर्याची गुरे मारून खाल्ली. अपघाताच्या चौकशीचे अहवाल आम्ही वाचलेले आहेत. त्यांचाही आरंभ बहुधा असाच असतो. पण त्याच काव्याचे पुढचे सर्ग नीट वाचावेत. बारांपैकी अकरा जहाजे गुरांपायी बुडाली नाहीत. ती लेस्ट्रिगोनी राक्षसांनी बंदरात कोंडून फोडली, आणि बारावे, म्हणजे ओडिसियसचे स्वतःचे, तेवढे वाचले. कारण त्याने ते बंदराबाहेर बांधले होते. बाकीच्यांना आत जाऊ देऊन आपले बाहेर का ठेवले, हे कवी सांगत नाही. त्याआधी एकाक्ष राक्षस पॉलिफिमसच्या गुहेत माणसे विनवीत होती की चीज उचलू आणि निघू. हा म्हणाला, मालक कोण आहे ते पाहू, पाहुणचार मिळेल. सहा माणसे खाल्ली गेली. पुढे युरिलोकसने हे तोंडावर बोलून दाखविले, की तेव्हाही याच्याच अविचाराने आपली माणसे मेली, तेव्हा ओडिसियसच्या मनात आले की तलवार उपसून याचे मुंडके उडवावे. युरिलोकस त्याचा जवळचा सोयरा. इतरांनी आवरले म्हणून वाचला. हा दंडाचाच हात आहे. अजून पालटलेला नाही.

तरी त्या गुहेतच एक गोष्ट घडून गेली आहे. राक्षसाने नाव विचारले तेव्हा ओडिसियसने सांगितले, माझे नाव ‘कोणी नाही’. ही युक्ती शाळेच्या पुस्तकांतून मुलांनाही ठाऊक आहे आणि मुले हसतात. आम्हांला मात्र येथे इलियडमधला तो शिपाई आठवतो, ज्याला तुला कोणी मोजत नाही असे ऐकावे लागले होते. जो दुसऱ्यांना ‘कोणी नाही’ ठरवीत होता त्याला जीव वाचविण्यासाठी स्वतः ‘कोणी नाही’ व्हावे लागले. अर्थात त्याला ते फार वेळ सोसले नाही. जहाज सुटताच त्याने ओरडून आपले, बापाचे आणि गावाचे नाव सांगितले, आणि त्या एका आरोळीपायी समुद्रदेवाचा शाप ओढवून घेतला.

पालट कोठे सुरू होतो असे कोणी विचारले, तर आम्ही आठव्या सर्गाकडे बोट दाखवू. फिएशियन लोकांच्या दरबारी आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉयच्या पाडावाचे गाणे म्हणतो. ओडिसियसने स्वतः ते गाणे मागून घेतले आहे, कारण लाकडी घोड्याचा पराक्रम त्याचाच. अशा वेळी छाती फुगावी. तो रडू लागतो. कसा रडतो? शहर राखताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून एखादी बाई रडते, आणि शत्रू मागून भाल्यांनी तिची पाठ आणि खांदे झोडपीत तिला गुलामगिरीत नेतात, तसा. म्हणजे ट्रॉय जिंकणारा ट्रॉयच्या बाईसारखा रडतो आहे. आम्ही ग्रीक जाणणाऱ्यांना मुद्दाम विचारले. ‘पाठ आणि खांदे’ हा शब्दसमूह थर्सायटिसच्या प्रसंगी आणि येथे जवळजवळ अक्षरशः एकच आहे. गायकांचा तो ठरीव शब्दसमूह असेल. कवीने जाणूनबुजून जुळविले असा दावा आम्ही करीत नाही. पण ऐकणाऱ्याचा कान काही विसरत नाही.

मग इथाकाला पोचणे, आणि भिकाऱ्याचा वेष. स्वतःच्या घरी एकशे आठ लग्नेच्छू सरदार ठाण मांडून बसले आहेत, त्याची गुरे कापून खात आहेत. त्याला आधी आसरा देतो तो डुकरे राखणारा युमेअस, एक विकत घेतलेला गुलाम. तो आपले पांघरूण देतो, आणि सांगतो की माणूस गुलाम झाला त्या दिवशी देव त्याचे अर्धे मोल काढून घेतो. ओडिसियस हे ऐकत बसतो. इलियडमध्ये तो कोणा गुलामाचे काही ऐकताना आम्हांला दिसलेला नाही.

पुढे सतराव्या सर्गात तो आपल्याच वाड्यात पानापानापुढे हात पसरीत फिरतो. अँटिनोअस नावाचा सरदार पायाखालचा चौरंग उचलून फेकतो. तो लागतो उजव्या खांद्यावर, पाठीच्या बाजूने. पुन्हा खांदा, पुन्हा पाठ. या वेळी मार खाणारा ओडिसियस आहे. तो खडकासारखा उभा राहतो, आणि उंबऱ्याशी जाऊन बसून सांगतो ते ऐकण्यासारखे आहे: आपल्या गुरांसाठी, मालमत्तेसाठी लढताना मार बसला तर त्याचे दुःख नाही, पण मला मारले ते या मेल्या पोटापायी. इलियडमध्ये पोट हा शिपायांच्या ताकदीचा हिशेब होता. येथे पोट त्याचे स्वतःचे आहे. आणि थर्सायटिसला मारल्यावर सारे सैन्य हसले होते. येथे ते उद्दाम सरदारसुद्धा अँटिनोअसला म्हणतात की हे तू वाईट केलेस.

विसाव्या सर्गात रात्री त्याच्या दासी त्या सरदारांकडे हसत निघालेल्या त्याला दिसतात. काळीज कुत्रीसारखे गुरगुरते. हात उठतो, पण या वेळी तो कोणावर पडत नाही. तो स्वतःचीच छाती बडवून म्हणतो, सोस, याहून वाईट सोसले आहेस. हा हात पूर्वी लोकांवर उठत होता. आमच्या मते सबंध काव्यातली सर्वांत मोठी कमाई ही आहे. पुढे सरदार मारले गेल्यावर म्हातारी दाई आनंदाने ओरडणार तोच तो तिला थांबवितो: मेलेल्यांवर जयघोष करणे पाप आहे. हाच माणूस इलियडच्या अकराव्या सर्गात सोकसला मारून त्याच्या प्रेतावर मिरवला होता, की तुझे डोळे मिटावयास आईबाप येणार नाहीत, गिधाडे येतील.

एवढ्यावर भाषण आटोपले असते तर आम्हांलाही बरे वाटले असते. पण वाचलेले लपविता येत नाही. त्याच वाड्यात सरदारांच्या मनोरंजनासाठी तो इरस नावाच्या खऱ्या भिकाऱ्याचा जबडा फोडतो, आणि मंडळी हसून लोळते. मेलेल्यांवर ओरडू नको म्हणणारा त्याच तासाला बारा दासी वेगळ्या काढावयास लावतो. त्यांच्याकडून प्रेते उचलून घेतो, रक्ताळलेली बाके धुऊन घेतो, आणि मग त्यांना तलवारीने मारावयास सांगतो. मुलगा टेलेमॅकस तलवारही देत नाही. दोरीला ओळीने लटकावितो. कवी म्हणतो, जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारखे त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. २०१७ साली एमिली विल्सन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. ओडिसी संपूर्ण इंग्रजीत छापून आणणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जुन्या भाषांतरकारांनी या बारा जणींना जी शेलकी विशेषणे लावली ती मूळ ग्रीकात नाहीत, हे त्यांनी दाखविले. मुळात त्या गुलाम मुली होत्या. सरदारांना नाही म्हणण्याची त्यांना कितपत सोय होती?

विशेष म्हणजे इलियडमध्ये थर्सायटिसला धमकी देताना ओडिसियसने शपथ घातली होती, की तुला नागवा करून झोडपले नाही तर मला टेलेमॅकसचा बाप म्हणू नका. मुलाच्या नावाने आपली ओळख सांगणारा असा वीर त्या काव्यात दुसरा नाही. आम्हांला ते फार माणुसकीचे वाटे. तो मुलगा दहा वर्षांनी बापाशेजारी उभा राहिला आणि दोरी घेऊन आला. बापाने स्वतःचा हात आवरावयास शिकला, पण मुलाला ते शिकविण्याइतका वेळ त्याला मिळाला नाही, किंवा सुचले नाही.

तेव्हा पालट झाला का? झाला, असे आम्ही म्हणतो. पण तो त्याच्या स्वतःच्या खांद्याएवढाच. जे दुःख अंगावरून गेले ते त्याला कळले. दासींचे दुःख त्याच्या अंगावरून गेले नव्हते. गाण्यातल्या एका बाईसारखा तो रडला खरा, पण घरातल्या बारा जणींत त्याला ती बाई दिसली नाही. चोविसाव्या सर्गात मेलेल्या अँटिनोअसचा बाप युपेथीस भर सभेत हिशेब मांडतो, की याने जहाजे घालविली, माणसे घालविली, आणि आल्यावर उरलेले तरुण मारले. तो शत्रुपक्षाचा माणूस आहे, पण त्याच्या बेरजेत चूक नाही. शेवटी देवी अथीना मध्ये पडून तंटा मिटविते. देव मध्ये पडल्यावाचून तो मिटला असता, असे काव्य वाचून तरी वाटत नाही.

या दोहोंखेरीज ट्रॉयच्या कथेची आणखी काव्ये होती. ती हरवली, प्रोक्लस नावाच्या लेखकाने केलेले सारांश तेवढे उरले. ‘सिप्रिया’त ओडिसियस युद्ध टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेतो आणि पॅलामिडीस ते उघडे पाडतो, पुढे पॅलामिडीस मासे धरावयास गेला असता ओडिसियस आणि डायोमिडीस त्याला बुडवून मारतात. होमरने हे सारे वगळले आहे. ‘एथिओपिस’ नावाच्या काव्यात मात्र आमचा थर्सायटिस पुन्हा येतो. तो अकिलीसला टोचून बोलतो आणि अकिलीस त्याला ठार मारतो. पण या वेळी सैन्य हसत नाही. थर्सायटिसच्या खुनावरून ग्रीकांत तंटा माजतो, आणि अकिलीसला जहाजात बसून लेस्बॉस बेटावर जावे लागते. तेथे यज्ञ होतो, आणि त्याच्या हातावरचे ते रक्त विधिपूर्वक धुतो तो ओडिसियस.

सारांश एवढाच आहे. त्या तंट्यात थर्सायटिसच्या बाजूने कोण उठले, काय बोलले, ते त्यात दिलेले नाही.

घड्याळाकडे चालकांचे लक्ष गेलेले दिसते.  मागे उभ्या असलेल्या मंडळींपैकी कोणीतरी मघापासून हात वर केला आहे. माइक खाली पाठवीत आहोत; त्यांना बोलू द्यावे.